उसना विस्तव



दिवसभराचे ऊन सोसून संध्याकाळी आपण सारे या मांडवात येऊन बसला आहात. अशा वेळी वक्त्याने एखाद्या संताविषयी अथवा कवीविषयी बोलावे, ही अपेक्षा रास्तच होय. आमच्या वाट्याला मात्र पदार्थविज्ञान आले आहे. कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापला आहे, ‘अणुगर्भाचे ध्रुवीकरण आणि रोगनिदान’. तो वाचून किती जण घरीच थांबले असतील, याचा हिशेब न केलेला बरा. जे आले, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. आणि विषय नावावरून वाटतो तितका रुक्ष नाही, एवढे आश्वासन प्रारंभीच देऊन ठेवतो.

या विषयाकडे आम्ही पुस्तकातून वळलो नाही. आमच्या एका वृद्ध चुलत्यांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाला. जन्म सारा रिसोड तालुक्यातल्या शेतीत गेलेला. एमआरआय नावाच्या यंत्रात त्यांची तपासणी झाली, औषध सुरू झाले, आणि तीन महिन्यांनी पुन्हा चित्र काढू, असे सांगण्यात आले. परत येताना गाडीत काकांनी आम्हांस विचारले, “काहून रे, तू तर हेच शिकवतोस. एवढी मोठी मशीन हाय, अन् आतली गाठ जित्ती हाय का मेली, एवढं बी तिले सांगता येत नाही?” आम्ही काहीतरी उत्तर दिले. तीन महिन्यांनी दिसून आले की औषध मुळीच लागू पडले नव्हते. यात कोणाचा दोष नव्हता. त्या चित्राची मजलच तेवढी होती. गाठ केवढी आहे हे त्याला दिसते, गाठीत काय चालले आहे ते दिसत नाही. काकांचा प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. आपल्या शरीराचा मोठा भाग पाणी आहे, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. अणूच्या मधोमध जो गाभा असतो त्याला अणुगर्भ म्हणतात. हायड्रोजनचा अणुगर्भ स्वतःभोवती गिरकी घेत असल्यासारखा वागतो, आणि त्यामुळे तो एक अतिसूक्ष्म लोहचुंबक बनतो. असे हे असंख्य चुंबक शरीरात वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. रुग्णाला मोठ्या चुंबकाच्या पोकळीत निजविले म्हणजे त्यांना दिशा मिळते. नित्य वापरातल्या यंत्राचे चुंबकक्षेत्र १.५ टेस्ला असते. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ते पस्तीस-चाळीस हजार पट भरते. मग रेडिओलहरींचा एक झटका दिला की हे अणुगर्भ डोलू लागतात आणि डोलता डोलता स्वतःच क्षीण रेडिओलहरी सोडतात. त्या टिपून चित्र रचावयाचे. अणुगर्भांचा हा नाद अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी १९४५-४६ च्या सुमारास स्वतंत्रपणे पकडला आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळविले. त्यापासून चित्र काढण्याची कल्पना लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली.

आता मुख्य अडचण ऐका. आपणांस वाटेल, एवढा प्रचंड चुंबक म्हणजे सारे अणुगर्भ शिस्तीत एका दिशेला तोंड करून उभे राहत असतील. तसे मुळीच होत नाही. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत दहा लक्ष माणसे जमली आहेत अशी कल्पना करा. त्यांना सांगितले की सर्वांनी देवळाकडे तोंड करा. गर्दीत धक्के बसतात, माणसे वळतात, हाका मारतात. अखेर मोजले तर निम्मी देवळाकडे, निम्मी पाठमोरी. फरक काय, तर देवळाकडे तोंड केलेली फक्त पाच अधिक! शरीराच्या उष्णतेत १.५ टेस्लाच्या चुंबकात हायड्रोजनच्या अणुगर्भांची स्थिती नेमकी हीच असते. दहा लक्षांत पाच. बाकीचे एकमेकांना रद्द करतात. जो काही नाद ऐकू येतो तो या पाचांचा. एका दिशेच्या या आधिक्याला शास्त्रज्ञ ध्रुवीकरण म्हणतात. वर्तमानपत्रांत हा शब्द हल्ली माणसांना उद्देशून वापरला जातो आणि तेथे तो वाईट समजला जातो. अणुगर्भांच्या बाबतीत मात्र तो जितका अधिक तितका चांगला.

दहा लक्षांत पाच एवढ्यावर चित्र निघते, कारण पाणी विपुल आहे. एका ग्रॅम पाण्यात हायड्रोजनचे अणुगर्भ किती, तर सहावर बावीस शून्ये मांडावी त्याहून अधिक. तथापि काकांच्या प्रश्नाचे उत्तर पाण्यापाशी नाही. पेशी जिवंत आहे की नाही, ती काय खाते आणि खाल्ल्याचे काय करते, हे साखरेच्या आणि आम्लांच्या रेणूंना माहीत असते, आणि ते पाण्याच्या मानाने हजारो पटींनी विरळ असतात. त्यांच्यात कर्ब, म्हणजे कार्बन, असतो. पण साध्या कर्बाचा अणुगर्भ चुंबकाप्रमाणे वागतच नाही. वागतो तो कर्ब-१३ नावाचा थोडा जड भाऊ. निसर्गात हजार कर्ब अणूंमध्ये तो सुमारे अकरा असतो, आणि त्याचे चुंबकत्व हायड्रोजनच्या चौथाईच आहे. म्हणजे दहा लक्षांत पाच हे प्रमाणही येथे जेमतेम एकावर येते. बाजाराच्या कल्लोळात एका माणसाने कुजबुजावे आणि आपण ते वेशीबाहेरून ऐकू पाहावे, तशी ही गत.

यावर उपाय कोणते? चुंबक मोठा करावा, तर १.५ टेस्लाचा ३ टेस्ला केल्याने पाचाचे दहा होतात, एवढेच. थंडी वाढवावी, तर धक्के कमी होऊन शिस्त वाढते हे खरे. पण रुग्णाला बर्फात पुरता येत नाही. मग तिसरा उपाय उरतो. आपल्या चुलीत विस्तव नसेल तर शेजारणीच्या चुलीतून मागून आणावा.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना हे सांगावयास नको. काडेपेटी जपून वापरण्याच्या दिवसांत पोरीच्या हाती गोवरीचा तुकडा देऊन शेजारी पाठवीत, आणि ती त्यावर निखारा घेऊन लगबगीने घरी येई. अणुगर्भाच्या शास्त्रात गेली सत्तर वर्षे हाच उद्योग चालू आहे. जेथे शिस्त स्वस्तात मिळते तेथून ती घ्यावयाची, हव्या त्या अणुगर्भाकडे पोहोचवावयाची, आणि विझण्यापूर्वी वापरावयाची. या साऱ्यात घेणे सोपे आहे, वापरणेही एक वेळ जमते. खरी विद्या आहे ती पोहोचविण्याची.

पहिली चूल इलेक्ट्रॉनची. इलेक्ट्रॉनही चुंबकच आहे, आणि हायड्रोजनच्या अणुगर्भाहून तो सुमारे ६५८ पट बलवान आहे. १९५३ मध्ये आल्बर्ट ओव्हरहाउझर या तरुण शास्त्रज्ञाने सांगितले की धातूतील इलेक्ट्रॉनांना विशिष्ट रेडिओलहरींनी सतत ढवळत राहिले तर त्यांची शिस्त अणुगर्भांकडे जाईल. ढवळल्याने शिस्त वाढते, हे ऐकून या विषयातल्या भल्याभल्यांनी मान हलविली. परंतु त्याच वर्षी कार्व्हर आणि स्लिक्टर यांनी लिथियम धातूवर प्रयोग करून ते खरे करून दाखविले. तेव्हा या गोष्टीचा रुग्णाशी काही संबंध येईल असे कोणास वाटले नव्हते. पन्नास वर्षे गेली. २००३ मध्ये स्वीडनमधील माल्मो येथे आर्डेनकेअर-लार्सन, गोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. औषधी द्रव्यात मोकळे इलेक्ट्रॉन असलेला एक पदार्थ मिसळून ते उणे २७२ अंश सेल्सियसच्या आसपास थिजवावयाचे. इतक्या थंडीत, ३.३५ टेस्लाच्या चुंबकात, शेकडा नव्वदांहून अधिक इलेक्ट्रॉन एका दिशेला उभे राहतात. मग सूक्ष्मलहरींनी ती शिस्त कर्ब-१३ कडे वळवावयाची आणि शेवटी त्या थिजलेल्या खड्यावर एकदम उकळते पाणी सोडावयाचे. खडा क्षणात विरघळतो, द्रव कोमट होतो, आणि थंडीत मिळविलेली शिस्त उबेतही काही काळ टिकून राहते! युरिया या साध्या पदार्थात त्यांना कर्ब-१३ चे शेकडा ३७ ध्रुवीकरण मिळाले. दहा लक्षांत एकदोन कोठे आणि दहा लक्षांत पावणेचार लक्ष कोठे!

दुसरी चूल प्रकाशाची. विशिष्ट रीतीने पीळ दिलेल्या लेसर प्रकाशात रुबिडियम धातूची वाफ ठेवली तर तिचे इलेक्ट्रॉन एका दिशेला वळतात. त्या वाफेत झेनॉन वायू मिसळला तर टक्करी होता होता ती शिस्त झेनॉनच्या अणुगर्भांकडे येते. असा झेनॉन रुग्णाने एका श्वासात आत घ्यावयाचा आणि काही क्षण रोखून धरावयाचा. तेवढ्यात फुफ्फुसाच्या कोणत्या भागात हवा पोहोचते आणि कोणत्या भागात पोहोचत नाही, ते चित्रात उमटते. क्ष-किरण नाहीत, सुई नाही. अमेरिकेतील औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये या झेनॉनला रुग्णांसाठी मान्यता दिली.

तिसऱ्या चुलीकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण ती सर्वांत साधी आहे. हायड्रोजन वायूच्या रेणूत दोन अणुगर्भ जोडीने राहतात. त्यांच्या जोडीच्या चार स्थिती संभवतात. तिन्हींना मिळून ऑर्थो म्हणतात आणि चौथीला पॅरा. पॅरा स्थितीत दोघे एकमेकांना इतके नेमके विरुद्ध असतात की त्यांचे एकत्रित चुंबकत्व शून्य भरते. उन्हाळ्याच्या हवेत चारांतला एक रेणू पॅरा असतो. वायू थंड करून लोखंडाच्या ऑक्साइडसारख्या पदार्थावरून नेला की पॅराचे प्रमाण वाढते. द्रवरूप नायट्रोजनाच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंशांना, ते निम्मे होते, आणि उणे २५३ अंशांच्या आसपास जवळजवळ सारा वायू पॅरा होतो. १९२९ मध्ये बॉनहोफर आणि हार्टेक यांनी जर्मनीत हे सिद्ध केले. यातली खरी मौज पुढेच आहे. त्या पदार्थापासून दूर केल्यावर वायू पुन्हा उबेला आला तरी कित्येक दिवस पॅराच राहतो. नळकांड्यात भरून ठेवता येतो. चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवावा आणि सकाळी फुंकर घालावी, तसा हा प्रकार आहे. वरून पाहावे तर थंड राख. पॅराहायड्रोजन स्वतः कोणताच नाद काढीत नाही. पण आत विस्तव आहे.

राख कशी सारावी? ही जोडी सारखी आहे तोवर शिस्त दडलेली राहते. जोडीतला सारखेपणा मोडला की ती उघडी पडते. कॅलिफोर्नियातील बावर्स आणि वाइटेकॅम्प यांनी १९८६ मध्ये हे गणिताने मांडले आणि पुढल्याच वर्षी प्रयोगाने दाखविले. ज्या रेणूत दुहेरी बंध आहे त्याला पॅराहायड्रोजन जोडावयाचा. दोन्ही अणुगर्भ रेणूच्या दोन वेगळ्या जागी बसतात, त्यांचा सारखेपणा संपतो, आणि दडलेली शिस्त नादरूपाने प्रकट होते. परंतु हायड्रोजनपाशी ती फार टिकत नाही; काही सेकंदांत विरते. कर्ब-१३ मात्र, विशेषतः ज्याला हायड्रोजन थेट चिकटलेला नाही असा, ती सुमारे एक मिनिट सांभाळतो. म्हणून निखारा हायड्रोजनच्या हातातून कर्बाच्या हाती द्यावयास हवा. आता हे देणे कसे घडते ते सांगतो, आणि त्यासाठी आपणांस घरी करण्याजोगा एक प्रयोग सुचवितो.

दोन खुर्च्यांच्या पाठींना एक सुतळी आडवी ताणून बांधा. तिच्यावर वीतभर अंतराने दोन दोरे लोंबते सोडा आणि टोकांना सारखे दोन दगड बांधा. दोऱ्यांची लांबी अगदी सारखी ठेवा. एका दगडाला झोका द्या आणि स्वस्थ बसा. हळूहळू पहिल्याचा झोका मंदावेल आणि दुसरा आपोआप झुलू लागेल. पहिला पार थांबेल आणि सारा झोका दुसऱ्याकडे गेलेला दिसेल. थोडे आणखी थांबलात तर तो परत पहिल्याकडे येईल. आता एका दोऱ्याची लांबी कमी करून पाहा. पहिला आपला झुलत राहील, दुसरा नुसता चुळबुळ करील. देवघेव होणार नाही.

अणुगर्भांचे असेच आहे. एका रेणूतले अणुगर्भ त्यांच्यामधील बंधाच्या द्वारे एकमेकांना जाणवतात. तीच ती आडवी सुतळी. पण मोठ्या चुंबकात हायड्रोजनचा ठेका कर्ब-१३ च्या जवळजवळ चौपट जलद असतो. दोरे असमान! म्हणून शेजारी असूनही देवघेव होत नाही. ती घडवून आणण्याच्या तीन वाटा आहेत. एक, चुंबकक्षेत्रच काढून टाकावे. विशिष्ट मिश्रधातूच्या नळकांड्यात नमुना ठेवून पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही शंभरावा हिस्सा अथवा त्याहून कमी उरेल असे केले, की दोघांचे ठेके जवळ येतात आणि शिस्त सरकू लागते. दुसरी वाट, दोघांना दोन वेगळ्या रेडिओलहरींनी असे झुलवावे की नवे ठेके जुळावेत. ही युक्ती हार्टमन आणि हान यांनी १९६२ मध्ये दाखविली. तिसरी वाट, मोजूनमापून अंतराने रेडिओलहरींचे ठोके द्यावे. मॉरिस आणि फ्रीमन यांची १९७९ ची रीत ती हीच. वाट कोणतीही असो, नेमक्या क्षणी थांबणे महत्त्वाचे. क्षण चुकला तर दिलेला झोका परत जातो, हे आपण सुतळीवर पाहिलेच.

आता हा निखारा नेऊन कोणत्या चुलीत ठेवावयाचा? येथे पायरूव्हेट नावाचे एक आम्लद्रव्य पुढे येते. आपण खाल्लेल्या साखरेचे पेशीत जे रूपांतर होते त्यात वाटेवर पायरूव्हेट तयार होते. तेथे वाट फुटते. निरोगी पेशी प्राणवायू असताना त्याचे मुख्यतः पूर्ण ज्वलन करते. कर्करोगाच्या पुष्कळ पेशी मात्र प्राणवायू असूनही त्याचे दुग्धाम्ल करीत बसतात. दह्याला आंबटपणा येतो तो ज्याने, तेच हे द्रव्य. ओटो वारबुर्ग यांनी ही गोष्ट १९२० च्या दशकात जर्मनीत दाखवून दिली होती. तेव्हा शिस्त भरलेले पायरूव्हेट शिरेतून दिले आणि ते कोठे किती वेगाने दुग्धाम्लात बदलते ते पाहिले, तर गाठ काय खाते आणि काय करते हे कळेल. औषध लागू पडून पेशी मंदावल्या तर हे बदलणेही मंदावेल, आणि ते गाठीचा आकार बदलण्याच्या पुष्कळ आधी दिसेल. काका विचारीत होते ते हेच.

परंतु पायरूव्हेटचा कर्ब कोणता आणि दुग्धाम्लाचा कोणता, हे यंत्राला कसे कळावे? येथे एका भारतीयाचे नाव सांगताना आम्हांस विशेष आनंद होतो. १९५१ मध्ये ब्लॉख यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड, धर्मत्ती आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या अल्कोहोलचा नाद बारकाईने तपासला. अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू तीन निरनिराळ्या जागी बसलेले असतात: तीन, दोन आणि एक. त्यांना एका नादाच्या जागी तीन वेगळे नाद ऐकू आले, आणि त्यांची तीव्रताही तीनास दोनास एक अशीच! अणुगर्भ तोच, पण शेजार बदलला की त्याचा सूर किंचित बदलतो, ही गोष्ट त्यातून लख्ख दिसली. त्यांपैकी श्री. एस. एस. धर्मत्ती पुढे होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मुंबईस आले आणि या शास्त्राची शाखा त्यांनी तेथे रुजविली. पायरूव्हेट आणि दुग्धाम्ल यांच्या कर्बाच्या सुरांत दहा लक्षांत सुमारे बारा भागांचा फरक असतो, आणि तेवढ्यावर यंत्र त्यांना वेगळे ओळखते. तसेच, एमआरआयचे चित्र रचण्याची जी गणिती रीत पुढे रूढ झाली, तिचा पाया घालणारा १९७५ चा निबंध झुरिकचे अर्न्स्ट आणि वेल्टी यांच्याबरोबर अनिल कुमार यांनी लिहिला. हेच अनिल कुमार पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन करीत राहिले. दूरच्या देशात कोणीतरी केलेले शास्त्र, असे म्हणून या विषयाकडे पाठ फिरविण्याचे आपणांस कारण नाही.

मनुष्यावर पहिला प्रयोग सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झाला, तोही प्रोस्टेटच्या कर्करोगावरच. ३१ रुग्णांना इलेक्ट्रॉनच्या चुलीवरून आणलेले पायरूव्हेट देण्यात आले आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जेथे कर्करोग असल्याचे आधीच ठाऊक होते तेथे दुग्धाम्ल उजळून दिसले. एका रुग्णात तर इतर तपासण्यांनी निर्दोष ठरविलेल्या भागात ते दिसले. तेथील तुकडा काढून पाहता कर्करोग निघाला. त्यानंतर जगातील अनेक केंद्रांत असे अभ्यास चालू आहेत. तथापि पायरूव्हेटची ही तपासणी अजून संशोधनाच्या पायरीवर आहे, नित्याच्या उपचाराच्या नव्हे. उद्या सकाळी कोणी आपल्या रुग्णासाठी ती मागू लागेल तर त्याची निराशा होईल, म्हणून हे स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आता प्रश्न आपल्या वाशिमचा. औषधे मुंबईत तयार होतात आणि रात्रभराच्या प्रवासाने येथे येतात. त्यात काही अडत नाही. हे द्रव्य मात्र तसे येऊ शकत नाही. त्याची शिस्त एका मिनिटात दोन-तृतीयांशाच्या आसपास विरते, आणि पाच मिनिटांत नावाला उरते. मुंबईत तयार केलेले पायरूव्हेट गाडी ठाण्याला पोहोचण्यापूर्वी साधे आम्ल झालेले असेल. अर्थात ज्या गावी हे द्रव्य घडविता येईल त्याच गावी ही तपासणी होईल. इलेक्ट्रॉनच्या चुलीला द्रवरूप हेलियम, दुसरा मोठा चुंबक आणि तास-तासभराचा वेळ लागतो. सर्वच जिल्ह्यांच्या गावी अशी चूल मांडणे कठीण आहे. झेनॉनची शिस्त अधिक टिकते, तो थिजवून काही तास राखता येतो. पण तो फुफ्फुसाचे सांगतो, गाठीच्या खाण्यापिण्याचे नव्हे.

म्हणूनच आम्ही तिसऱ्या चुलीविषयी इतका वेळ बोललो. पॅराहायड्रोजनचा निखारा राखेखाली झाकून दूर नेता येतो. तो करावयास लागणारी थंडीही आपल्या ओळखीची आहे. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी जनावरांच्या दवाखान्यांत द्रवरूप नायट्रोजनाचे बुधले असतात, ते आपल्यापैकी कित्येक शेतकऱ्यांनी पाहिले आहेत. त्या थंडीत अर्धा वायू पॅरा होतो आणि त्यातून पूर्ण शुद्ध पॅराच्या एक-तृतीयांश लाभ मिळतो. रुग्णाशेजारी करावयाचे उरते ते इतकेच: वायू द्रव्यात मिसळणे, शिस्त कर्बाकडे सरकविणे आणि द्रव्य शुद्ध करणे. हे ‘इतकेच’ मात्र सोपे नाही. वायू जोडण्यासाठी ऱ्होडियम अथवा इरिडियम धातूंची संयुगे लागतात आणि ती रुग्णाच्या शिरेत जाता कामा नयेत. ती काही सेकंदांत गाळून काढावयाची, द्रव्य तपासावयाचे आणि लगेच द्यावयाचे. शिवाय पायरूव्हेटला असा वायू सरळ जोडता येत नाही. त्यासाठी इटलीतील तुरिन येथे रेनेरी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक वाट काढली: पायरूव्हेटला आधी एक तात्पुरती फांदी जोडावयाची, पॅराहायड्रोजन त्या फांदीवर बसवावयाचा, शिस्त आत कर्बाकडे सरकवावयाची आणि मग फांदी छाटून टाकावयाची. त्याआधी २००९ मध्ये इंग्लंडातील यॉर्क येथील संशोधकांनी आणखी नवलाची रीत दाखविली होती. तीत वायू रेणूला जोडला जात नाहीच. इरिडियमच्या अणूपाशी दोघे क्षणभर शेजारी बसतात, निखारा हातोहात दिला जातो, आणि ज्याने त्याने आपल्या वाटेने जावे. रेणू जसाच्या तसा राहतो.

मुंबईत ‘समीर’ नावाची सरकारी संशोधनसंस्था आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ मध्ये निघालेला सूक्ष्मलहरींचा एक विभाग १९८४ मध्ये स्वतंत्र होऊन ती उभी राहिली, आणि १.५ टेस्लाचे एमआरआय यंत्र आपल्याच देशात बनविण्याचा प्रकल्प तिने हाती घेतला. चूल घरची होऊ लागली आहे. उद्या ती आपल्या गावी मांडली गेली, तर विस्तव कोठून आणावयाचा हे ठाऊक असलेली माणसेही गावीच असावी लागतील. चुंबक विकत आणता येतो. एका मिनिटात वायू सोडून, ठेका जुळवून, द्रव्य गाळून रुग्णाच्या शिरेपाशी नेणारे शिकलेले हात दर खेपेस मुंबईहून बोलाविता येत नाहीत. या मांडवात मागे उभी असलेली जी शाळाकॉलेजातली मुलेमुली दिसतात, त्यांनी आज घरी जाऊन सुतळीला दोन दगड बांधले तर आमचे व्याख्यान सार्थकी लागले असे आम्ही समजू.

काका आता नाहीत. त्यांना उत्तर द्यावयाचे राहिले, ते आपणांस दिले. आमच्या लहानपणी याच काकांच्या घरी विस्तव आणावयास निघालेल्या पोरीला काकू दारातून दोनच गोष्टी बजावीत: निखारा मोठा बघून घे, आणि वाटेत कोणाशी बोलत उभी राहू नको. सत्तर वर्षांच्या शास्त्राचा सारांश याहून थोडक्यात आम्हांस सांगता येणार नाही.